काळा रंग न धरणारी रिंग

अ‍ॅनोडायझिंगला बरेच जण रंगकाम समजतात. प्लेटिंगमध्ये बाहेरून दुसरा धातू येऊन बसतो. इथे अ‍ॅल्युमिनियमच्या स्वतःच्याच पृष्ठभागाचा, अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून वीज सोडल्यावर, ऑक्साइड होतो आणि त्याच्या बारीक छिद्रांत रंग शिरतो. त्यामुळे खालचा धातू कसला आहे हे लपत नाही. गेल्या मे महिन्यात एका छोट्या रिंगने हे चांगलंच दाखवून दिलं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी बरीच वर्षं लॅब सांभाळली. आता ऐरोलीतल्या बैठ्या घरामागच्या मोकळ्या जागेत छोटी कामं घेते. ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे सर स्टीलच्या डब्यात पार्ट घेऊन आले: स्वतः बनवलेल्या दुर्बिणीच्या फोकसरची, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करायला पुढेमागे सरकणाऱ्या भागाची, नळी, एक रिंग, काही स्क्रू. "ताई, शनिवारी मुलांना वांगणीला आकाशदर्शनाला नेतोय. नळी आतून चमकली की चंद्र धुरकट दिसतो. काळं करून द्याल?"

बर्फाची तयारी सकाळीच झाली होती. बॅटरीचं अ‍ॅसिड आणि पाणी समप्रमाणात घेतलं की वजनाने साधारण 20 टक्क्यांचं द्रावण होतं. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. द्रावण 20 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर असतं. गरम द्रावणात थर एकीकडे वाढतो नि दुसरीकडे विरघळत राहतो. मग तो मऊ पडतो, बोट फिरवलं तर पांढरी पूड लागते. म्हणून टबाभोवती बर्फ, आणि द्रावणात बर्फाच्या घट्ट बंद बाटल्या.

पण त्याआधी कॉस्टिक. गरम कॉस्टिक सोड्यात पार्ट बुडवले की बुडबुडे उसळतात आणि वरची मळकट कातडी निघून जाते. हा हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावरच. नळी आणि स्क्रू फिकट राखाडी होऊन बाहेर आले. रिंग मात्र कोळशासारखी काळी.

मी ती धुऊन उन्हात धरली. असा काळा थर दोन कारणांनी येतो: धातूत सिलिकॉन जास्त असेल, म्हणजे ओतीव माल असेल, किंवा तांबं असेल. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवली आणि काळेपणा बघता बघता उतरला. सिलिकॉनचा थर नुसत्या नायट्रिकला दाद देत नाही. तेव्हा हे तांबंच.

सरांना फोन केला. त्यांनी वागळे इस्टेटमधल्या टर्नरला विचारलं, तर तो म्हणाला की 6061 ची, म्हणजे कमी तांब्याच्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमची, सळई संपली होती, भंगाराच्या पेटीतला एक तुकडा घेतला, आणि काय छान कापला गेला, कीस बारीक तुटून पडत होता! तांब्याचे काही अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू लेथवर खरंच असे गुणी असतात. अ‍ॅनोडायझिंगच्या सुरुवातीच्या इतिहासात असाच धातू आहे. 1923 साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक अ‍ॅसिडची पद्धत काढली ती समुद्री विमानांतलं ड्युरल्युमिन, म्हणजे तांबं घातलेलं अ‍ॅल्युमिनियम, गंजू नये म्हणून. तिथे प्रश्न गंजाचा होता. आम्हाला गडद काळा रंग हवा होता.

सर संध्याकाळी घरी आले. "एकदा करून तर बघूया." रिंग वेगळी लावली, कारण दोन जातींचे धातू एकाच जिगवर, म्हणजे पार्ट टांगायच्या चौकटीवर, लावले तर करंट सारखा वाटला जात नाही. दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर, पाऊण तास. चांगल्या धातूवर याने सुमारे 20 मायक्रॉनचा थर बसतो. नळी काळ्या रंगाच्या द्रावणातून बाहेर आली ती दाट काळी; उकळत्या पाण्यात सीलिंग केल्यावरही, म्हणजे छिद्रं बंद केल्यावरही, तशीच. रिंगच्या कडांना तपकिरी झाक होती, मधे डाग होते, आणि सीलिंगच्या पाण्यात रंग सुटू लागला.

सरांनी दोन्ही पार्ट बराच वेळ शेजारी शेजारी धरले. मी सांगितलं, हिचा थर कॉस्टिकने उतरवता येईल, पण त्याच्याबरोबर मापही उतरेल. नळी तिच्यात सरकणार, फिटिंग सैल होईल, आणि धातू तर तोच राहील. सरांनी तिथूनच टर्नरला फोन लावला. त्याने शेजारच्या गाळ्यातून 6061 चा तुकडा मिळवला आणि रात्रीच नवी रिंग वळून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती नळीसारखीच काळी झाली होती.

पुढच्या आठवड्यात टर्नरचाच फोन आला. "ताई, पेटीतले तुकडे ओळखायचे कसे?" मी म्हटलं, गॉगल आणि हातमोजे घाला, टोक कानशीने उजळवा, कॉस्टिकच्या पाण्याचा एक थेंब ठेवा, काही मिनिटांनी धुवा. डाग काळा पडला तर तो तुकडा माझ्याकडे रंगाला पाठवू नका. त्याने अख्खी पेटी तपासली. काळ्या डागाच्या तुकड्यांच्या टोकाला आता तो लाल ऑइलपेंट लावून ठेवतो.