गजराजच्या भिंतीआडची थंडी

त्या बागेत सगळ्यात जास्त मार बसला तो सगळ्यात नीट राखलेल्या कोपऱ्याला. हे मला अजून टोचतं, कारण तो कोपरा माझ्या सांगण्यावरून राखलेला होता.

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांना सल्ला देणं हे माझं काम. वर सातपुडा, खाली तापी, आणि मधल्या उतारावर नजर जाईल तिथवर केळी. खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आठवतं. इथल्या केळीला थंडीचंही तेवढंच भय आहे, हे सांगूनही पटत नाही. पण केळ हे मुळात उष्ण, दमट मुलखाचं झाड. पारा १६ च्या खाली गेला की नवं पान निघणं मंदावतं, १० च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. पाणी गोठायची गरजच नसते. वर सातपुड्यात, डाब-तोरणमाळकडे, काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात. खाली आमच्याकडे तसं होत नाही, पण ५-६ अंशांच्या दोन रात्री लागोपाठ आल्या की पुरे. पानं आधी फिकी पडतात, मग कडेनं भाजल्यासारखी होतात. आमच्याकडे याला चरका म्हणतात.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसातला आप्पांचा फोन आला. "भाऊ, खालची केळी रातोरात भाजली. तुम्ही याच."

आप्पांची सहा एकर मृगबाग. जूनच्या शेवटी लावलेली ग्रँड नैन जातीची केळी, टिश्यूकल्चरची रोपं, ५ बाय ६ फुटांवर, म्हणजे साडेआठ हजारांच्या वर झाडं. बाग वयानं अगदी नाजूक टप्प्यावर होती. केळीचा वाढीचा कोंब लहानपणी जमिनीलगत कंदातच असतो. बाहेर दिसतं ते खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये लावलेल्या कांदेबागेचं पान थंडीनं करपलं तरी कोंब खाली उबेत सुखरूप राहतो. मृगबागेचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत तिच्या पोटात घड तयार व्हायला लागतो आणि कोंब खोडातून वर सरकू लागतो. नेमकी तेव्हाच थंडी आली तर फण्या कमी पडतात, आणि पुढे निसवताना, म्हणजे बाहेर पडताना, घड झाडाच्या घशातच अडकतो.

मी पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं पडलं होतं. वरच्या ओळी हिरव्यागार. मधल्या ओळींत कुठेकुठे पिवळेपणा. आणि अगदी खालच्या, दक्षिणेकडच्या पट्ट्यातली पानं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी लोळत होती. आप्पा काही न बोलता माझ्या मागून चालत होते. त्यांचं ते न बोलणं मला जड गेलं.

मी आधी जे तपासायचं ते तपासलं. ठिबकच्या नळ्या चालू होत्या, शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी येत होतं. मुळं पांढरी होती. करपा रोगाचे ठिपके नव्हते. जमीन तीच, खत तेच, रोपं एकाच गाडीतून आलेली. उलट खालची बाजू जास्त जपलेली होती. दोन वर्षांपूर्वी मेमधल्या वादळात तिथली चारशे झाडं निसवलेल्या घडांसकट आडवी झाली होती. तेव्हा मीच आप्पांना म्हटलं होतं, चारही बाजूंनी गजराज गवत लावा, वारा आत येता कामा नये. गजराज चांगला दोन माणसं उंच, दाट वाढला होता. मांजरसुद्धा आरपार गेलं नसतं.

"मले सांगा भाऊ," आप्पा शेवटी म्हणाले, "खालच्याच केळीनं काय पाप केलं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तराचा पहिला धागा मिळाला तो सालदाराकडून. चहा पिताना तो सहज म्हणाला की डिसेंबरपासून तो खालच्या झोपडीत झोपतच नाही. बाज उचलून त्यानं वर विहिरीजवळ आणली होती. "तिकडे लई हिव लागते. वर एका गोधडीत भागते, खाली दोन पुरत नाही." आम्ही शिकलेली माणसं बागेत दिवसा हिंडतो. थंडी कुठे बसते हे रात्री तिथे झोपणाऱ्यालाच माहीत.

मी त्या रात्री बागेतच थांबायचं ठरवलं. जळगावला एकाला पाठवून साधे पाच तापमापक मागवले आणि वरच्या बांधापासून खालच्या गजराजपर्यंत एका रेषेत, छातीच्या उंचीवर बांबूंना बांधले. संध्याकाळी वारा पडला. आभाळ स्वच्छ, एक ढग नाही. अशा रात्री जमीन आपली दिवसभराची ऊब सरळ आकाशात सोडते, तिला लागून असलेली हवा थंड होते, आणि थंड हवा जड असते. हे सगळं मी वर्गात शिकलो होतो. शेतकऱ्यांना सांगतही आलो होतो.

आप्पांच्या घरून भरीत, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात आली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत हिवाळ्यात आमच्याकडे रानात बसून खायची चीज, एरवी त्यासाठी माणसं जमवतात. त्या रात्री कुणाचं लक्ष ताटात नव्हतं.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, ते एक बरं झालं. साडेअकराला मोटर सुरू केली. कूपनलिकेचं पाणी जानेवारीतही हाताला कोमट लागतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १० वर येताना १५ किलोकॅलरी उष्णता सोडतं. शिवाय ओली जमीन कोरडीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री ती वरपर्यंत पोहोचवते. म्हणून थंडीच्या दिवसांत बाग कोरडी ठेवू नये. पण एवढ्यावर खालचा पट्टा वाचणार नव्हता, कारण पाणी तर आदल्या रात्रीही दिलं होतं.

तीनच्या सुमाराला आप्पांच्या मुलानं वरच्या बांधावर ओल्या पाचटाचा ढीग पेटवला. धुरानं बाग झाकली की थंडी लागत नाही, ही आमच्याकडची जुनी समजूत. मला इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण दर हिवाळ्यात लोक यावर रात्री जाळतात. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा. तोही एका मोठ्या होळीचा नाही, कारण तिची गरम हवा सरळ वर निघून जाते. त्यापेक्षा ओळीओळींत पसरलेल्या लहान लहान शेकोट्या बऱ्या. शिवाय दाट धूर सकाळी ऊनच अडवून धरतो आणि बाग तापायला उशीर होतो. मी मुलाला तेच सांगायला निघालो होतो, तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात मला धूर दिसला आणि मी जागीच थांबलो.

धूर वर जात नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, ओढ्याच्या पाण्यासारखा, ओळींमधून खाली सरकत होता. मी त्याच्याबरोबर चालत गेलो. उतार जिथे जास्त तिथे तो पळत होता, खोलगट जागी रेंगाळत होता. खाली गजराजच्या भिंतीशी पोहोचल्यावर तो थांबला. पसरला. आणि हळूहळू चढू लागला, आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत.

मी पळत जाऊन तापमापक पाहिले. वरच्या बांधावर ९. मधे साडेसात. गजराजला लागून साडेपाच.

सातपुड्याच्या अंगावरून थंड हवा रात्रभर तापीकडे उतरत असते. आपण शेतात शिरणारं पाणी अडवायला जसा खालच्या अंगाला बांध घालतो, तसा मी थंडीला बांध घालून दिला होता. बागेत थंडीचं तळं साचलं होतं, आणि त्याच्या बुडाशी ती खालची झाडं उभी होती.

"आप्पा, गजराज कापायचा. आत्ता."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. ज्यानं लावायला लावलं तोच आता मध्यरात्री कापायला सांगतोय. त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी त्यांना हाताला धरून धुरात नेऊन उभं केलं. तोंडावर थंडी कशी येते ते त्यांनी पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि कोयता मागवला.

एक प्रश्न मात्र होता. हवा इथून सोडली तर ती पुढच्या शेतात जाणार. तिथे केळी असती तर मी कोयत्याला हात लावू दिला नसता. आपली बाग वाचवायला शेजाऱ्याची बाग बुडवायची नसते. पण तिथे गहू होता, आणि थंडीवर गहू पोसतो. तरीही आप्पांनी पहाटे चारला शेजारच्या नानांना फोन करून उठवलं आणि विचारलं. नाना स्वतः कोयता घेऊन आले.

पाच जणांनी मिळून पाऊण तासात तीन ठिकाणी, सर्वांत खोलगट जागा पाहून, पंधरा-पंधरा फुटांचे दरवाजे पाडले. जमिनीलगत कापा, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, कारण थंडी खालूनच जाते. हातभर बुंधे ठेवले असते तर निम्मी हवा तिथेच अडली असती. गजराजच्या पात्यांनी सगळ्यांचे हात चिरले. पहिला दरवाजा मोकळा झाला तसा धूर तिथून बाहेर पडायला लागला. नानांच्या गव्हावर तो चादरीसारखा पसरत गेला. पलीकडून नाना ओरडले, "निघाली रे भो, निघाली!"

सहा वाजता वरचा पारा साडेआठवर उतरला होता. खालचा साडेपाचवरून सातवर आला होता. बाहेर थंडी वाढत असताना आत खालच्या अंगाला दीड अंश चढला. आकडा लहान आहे. पण केळीच्या पानाला साडेपाच आणि सात यांत मोठा फरक पडतो, आणि थंडीची लाट पुढे आणखी चार रात्री राहिली.

पहिल्या दोन रात्रींचं नुकसान भरून येणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आप्पा भाजलेली पानं कापून बाग स्वच्छ करायला निघाले, त्यांना मी अडवलं. वाळलेलं पानसुद्धा खालच्या झाडावर पांघरुणासारखं असतं. थंडी सरल्यावर काय ते कापावं. नवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, हिरवा निघतो का, यावर मी रोज लक्ष ठेवलं. निंबोळी पेंड दिली, पोटॅशचा हप्ता चुकवला नाही, कमजोर पानांवर करपा चढू नये म्हणून प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची फवारणी केली. निसवणीच्या वेळी झाडावर निदान आठ धडधाकट पानं नसतील तर घड भरत नाही. खालच्या पट्ट्यात बऱ्याच झाडांवर चार-पाचच होती. काही घड खोडाची बगल फोडून वाकडे बाहेर आले. अशी झाडं कापून आम्ही पील, म्हणजे कंदातून फुटलेला नवा कोंब, धरला. विहिरीवर आप्पांची नारळाची तीन झाडं आहेत. नारळाला एकच कोंब, तो गेला की झाड गेलं. केळीचं निदान एवढं तरी आहे की कंदातून ती पुन्हा उठते.

वाचलेल्या घडांतही सगळे चांगले नव्हते. थंडी खाल्लेल्या फळाच्या सालीखालचा चीक काळवंडतो. वरून हिरवं दिसतं, सोलल्यावर आत तपकिरी रेघा. पिकवतानाही ते पिवळंधमक होत नाही, राखी छटा राहते. म्हणूनच साठवणुकीच्या खोलीत केळी १३ अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत. सावद्याहून आलेल्या व्यापाऱ्यानं एक केळ चिरून पाहिलं आणि खालच्या पट्ट्याचा भाव निम्मा सांगितला. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी सलग तीन दिवस पारा ८ किंवा त्याखाली जावा लागतो. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तो ८ च्या वर राहिला. केंद्रानं आपल्या जागी खरं तेच मोजलं होतं. आप्पांच्या बागेतच तर एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत साडेतीन अंशांचा फरक होता.

त्या महिन्यात मी माझ्या सल्ल्यानं गजराज लावलेल्या प्रत्येक बागेत गेलो. अकरा बागा. आप्पांच्या बागेत काय झालं ते प्रत्येक ठिकाणी तसंच्या तसं सांगितलं. सात जणांनी खालची बाजू बंद केलेली होती. गजराज उपटून टाका असं मी कुणालाच म्हटलं नाही, कारण मेमधलं वादळ खोटं नाही. उत्तरेचा आणि पश्चिमेचा गजराज वर्षभर ठेवायचा. खालच्या अंगाचा मात्र नोव्हेंबरात जनावरांसाठी जमिनीलगत कापायचा, थंडी संपेपर्यंत वाढू द्यायचा नाही, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पाणी-खत देऊन सोडायचा. वादळं सुरू होईपर्यंत तो पुन्हा डोक्याच्या वर जातो. कापलेला चारा हिवाळ्यात गोठ्याला कामी येतो.

आप्पांनी ते पाच तापमापक परत दिले नाहीत. मीही मागितले नाहीत. डिसेंबर लागला की पहाटे पाचला फोनवर त्यांचा मेसेज येतो. शब्द नसतात, नुसते पाच आकडे, वरच्या बांधापासून खालपर्यंत. परवाचे होते: १०, १०, साडेनऊ, साडेनऊ, ९.