गॅस भरण्याआधी पंखा बघा

बाबांची 2009 ची गाडी आता मी चालवते. देवासच्या रस्त्याला लागलं की एसी मस्त गार. परत येताना विजयनगरच्या सिग्नलला थांबलं की लगेच कोमट वारा. तोही मे महिन्यात! मागे बसलेली आई काच खाली करते, म्हणजे उरलासुरला गारवाही गेला.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आतच निकाल दिला, "दीदी, गैस कम है." आमच्या इंदुरात एसीचं कुठलंही दुखणं गॅसवरच जातं. अहो, पण गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, जळून संपायला. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर पुन्हा जाणार. शिवाय देवासच्या रस्त्यावर मग इतकं गार कसं होतं?

गाडी धावत असली की समोरचा वारा कंडेन्सरची, म्हणजे पुढच्या जाळीमागे गरम गॅस थंड करणाऱ्या भागाची, उष्णता घेऊन जातो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. म्हणून घरी गाडी चालूच ठेवली, कोमट हवा यायला लागल्यावर पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीभर पाणी ओतलं. थोड्याच वेळात आत गार हवा! म्हणजे गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर ठीक, गॅसही आहे, नुसती उष्णता बाहेर पडत नाहीये.

वाकून पाहिलं तर पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत. हॉर्नचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून पंख्याला लावला (माझ्या गाडीत दोन्ही सारखे आहेत, तुमच्यात आधी बघून घ्या), तरी ढिम्म. मग ऑटो इलेक्ट्रिशियन गाठला. त्याने मोटरला थेट बॅटरीवरून करंट दिला, काही नाही. पेचकसाच्या मुठीने वरून टकटक केलं, तसा पंखा घुरघुरत सुटला. मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन झिजलेले. ते वेगळे बदलता येतात, पण मोटरचा दांडा धरणारे बुशही ढिले होते, म्हणून मोटर नवीच घातली.

जाता जाता कंडेन्सरच्या पापुद्र्यांत अडकलेली माती आणि किडे साध्या नळाच्या पाण्याने धुऊन घेतले. प्रेशरचा पाइप मारू देऊ नका, पापुद्रे वाकतात.

आता सिग्नललाही गार राहतं. आत हवा फेकणारा ब्लोअर मात्र फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनला गप्प. त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर पुढच्या पगाराला.