गिझर बदलण्याचे अडीच दिवस

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या जळगावच्या घरात गिझरच्या तळाशी गंजाच्या रंगाचे पाणी ठिबकताना दिसले आणि बटण दाबताच घरातली वीज गेली. इलेक्ट्रिशियनने पाहून सांगितले की, नुसता एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांब, जळाला असता तर तो बदलून काम भागले असते, पण टाकीलाच भोक पडले असल्यामुळे आता नवा गिझर घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्याच दुपारी 15 लिटरचा नवा गिझर 8,200 रुपयांना आणला. दुकानदाराने ‘फिटिंग मोफत’ असे सांगितल्यामुळे संध्याकाळपर्यंत गरम पाणी मिळेल, अशी माझी भाबडी समजूत झाली.

फिटिंगसाठी आलेला मुलगा दहा मिनिटांत परत गेला. जुना गिझर उतरवणे, भिंतीतले नळ दुरुस्त करणे आणि प्लग बदलणे त्याच्या कामात बसत नव्हते. सगळे तयार असेल तरच तो गिझर टांगून पाईप जोडणार होता. मग ओळखीच्या प्लंबरला बोलावले. त्याने 700 रुपये मजुरी सांगितली आणि ती मला जास्तच वाटली.

जुना गिझर रिकामा करून उतरवायला पाऊण तास लागला. एलिमेंटची चकती खोलताच आतून पोह्यांसारखे पांढरे पापुद्रे घमेल्यात पडले. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, आणि असे पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना कार्बोनेटच्या रूपाने एलिमेंटवर बसतो. थर वाढला की एलिमेंटची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि तो जळतो. त्याच चकतीला मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या लोखंडाऐवजी ती स्वतः झिजते, म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते. आमच्या कांडीची नुसती तार उरली होती. चौदा वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते, आणि तशी काही वस्तू आत असते हेही मला ठाऊक नव्हते.

खरा घोळ नंतर झाला. भिंतीतल्या नळात बसवलेले जुने निप्पल, म्हणजे आट्यांचा छोटा जोडतुकडा, काढण्यासाठी पान्याला जोर देताच ते भिंतीच्या आतच तुटले. “भाऊ, हाऊ नळ पुरा सडी गया,” असे म्हणून प्लंबर खाली बसला. चार फरश्या फोडून जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप उघडा करावा लागला, त्या जागी सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी चालणाऱ्या प्लास्टिकचा पाईप टाकावा लागला, आणि त्याचा चिकटवलेला सांधा वाळेपर्यंत पाणी सोडता येत नसल्यामुळे तो दिवस तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी गवंडी दुपारनंतर आला. नव्या गिझरच्या खुंट्यांचे अंतर जुन्या भोकांशी जुळत नव्हते, म्हणून भिंतीला आणखी दोन भोके पडली. तोवर आई गॅसवर पातेली चढवत होती आणि पूर्वी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर तापणाऱ्या तांब्याच्या बंबाचे गुणगान करत होती. तो बंब दर आठवड्याला चिंचेने घासताना ती काय म्हणत असे, ते मात्र मला आठवते.

तिसऱ्या दिवशी दुपारी काम झाले. टाकी पूर्ण भरून गरम नळातून पाणी येईपर्यंत प्लंबरने बटणाला हात लावू दिला नाही, कारण कोरड्या टाकीत एलिमेंट लगेच जळतो. मग इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासले आणि 16 अँपिअरचा नवा प्लग बसवला.

मी हिशेब मांडला. प्लंबरचे 1,800, गवंड्याचे 900 आणि इलेक्ट्रिशियनचे 400, अशी मजुरी 3,100 रुपये झाली. पाईप, व्हॉल्व्ह, सिमेंट वगैरेंचे 1,350 वेगळे. हातांनी केलेले काम जेमतेम पावणेसात तासांचे होते. उरलेला वेळ सांधा वाळण्यात आणि एक कारागीर गेल्यावर दुसरा येण्याची वाट पाहण्यात गेला. प्लंबरने 700 चे 1,800 केल्यावर मी प्रथम हुज्जत घातली होती. पण तुटलेल्या निप्पलचा तुकडा त्याने भिंतीतला उरलेला नळ न दुखवता, आटे शाबूत ठेवून, छिन्नीने कणाकणाने बाहेर काढला होता. तो नळ फुटला असता तर फरश्या पार छतापर्यंत फोडाव्या लागल्या असत्या. मी हुज्जत सोडून पैसे दिले.

जाताना त्याला म्हटले की, दोन वर्षांनी ती कांडी बदलायला या. तो म्हणाला, “दिवाळीच्या आधी बोलवा. थंडी पडली की मला वेळ नसतो.”