दोऱ्याने बांधलेला गुलाब

डिसेंबर 1988. मी आठवीत होते. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचासाठी प्रत्येकीने क्रेप कागदाची दहा फुलं घरून करून आणायची, असं कार्यानुभवाच्या बाईंनी सांगितलं. सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून मी लाल आणि हिरव्या कागदाची एकेक घडी आणली. एवढा सुंदर कागद मी पहिल्यांदाच हातात घेतला होता. पतंगाच्या कागदासारखा तो सळसळत नव्हता, कापडासारखा मऊ लागत होता.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, एका खोलीचं. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, कात्री. हजार विड्या झाल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे. मी एका कोपऱ्यात मैद्याची खळ शिजवली, पाकळ्या कापल्या आणि चिकटवायला बसले. खळ पातळ झाली होती. पाकळी ओली झाली की तिच्या चुण्या जायच्या, ती लोळागोळा व्हायची आणि लाल रंग सुटायचा. तासाभरात माझी बोटं, परकर, हिरवे देठ, सगळं लाल झालं. अर्धी घडी वाया गेली होती आणि दुसरी मागायची हिंमत नव्हती. मी रडायला लागले.

अम्माने सूप खाली ठेवलं. उरलेल्या कागदाचा कोरडा तुकडा घेऊन आधी एका अंगाने ओढला, मग दुसऱ्या. एकीकडे तो ताणला गेला, दुसरीकडे अजिबात नाही. "याला शीर आहे गं," ती तेलुगूत म्हणाली, "पानाला असते तशी. तू आडवं कापलंस."

क्रेप कागदाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे, हे मला पुढे कळलं. कागदावरच्या बारीक चुण्या पाकळीत खालून वर उभ्या आल्या पाहिजेत. मग पाकळीच्या पोटात दोन्ही अंगठे ठेवून हलकेच बाहेर ओढलं की ती वाटीसारखी फुगते, आणि तशीच राहते. चुण्या आडव्या असतील, तर कितीही ओढा, पोट धरत नाही, कागद फाटतो.

विडीचं पान पत्र्याच्या फर्म्यावर कापतात. अम्माने जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा बदामाच्या आकाराचा फर्मा केला, दोन बोटं रुंदीचा. त्यावर घडी घालून एका वेळी चार-चार पाकळ्या कापल्या. खळीचं भांडं तिने दाराबाहेरच ठेवलं. खराट्याच्या काडीच्या टोकाला कापूस, कापसावर लाल पट्टी, भोवती तीन लहान पाकळ्या, मग पाच, मग थोड्या मोठ्या पाच. प्रत्येक पाकळी बुडाशी चिमटीत धरायची, विडीच्या दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि खेचायचं. दोऱ्याची ती ओढ मी रोज बघत होते, पण त्यातून गुलाब होऊ शकतो हे त्या रात्री पाहिलं. शेवटच्या पाकळ्यांच्या कडा तिने विणायच्या सुईवर गुंडाळून बाहेर वळवल्या. देठावर हिरव्या कागदाची अर्ध्या बोटाची पट्टी तिरकी, ताणत ताणत उतरवली. टोकाला फक्त खळीचा एक ठिपका.

दहा गुलाब झाल्यावरही ती थांबली नाही. शेजारणीच्या मुलीकडे पिवळा आणि पांढरा कागद उरला होता, तो मागून आणायला लावला. पिवळ्याची पाच-पाच पाकळ्यांची फुलं करून त्यांचा घोस बांधला. पांढऱ्या पट्टीला कात्रीने दाट झालर कापली आणि काडीभोवती निमुळती गुंडाळली. तरवड आणि कुरडू! आम्ही त्यांना तंगेडू आणि गुनुगू म्हणतो. नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे फुलांच्या थरांची देवी, रचताना हीच फुलं लागतात. अम्माला गुलाबापेक्षा ती जवळची होती, आणि खरं सांगायचं तर जास्त जिवंतही तीच झाली होती.

शाळेत बाईंनी नेमका तो पिवळा घोस उचलला. "हा तर तरवड! कुणी केला?" मी घाबरत सांगितलं. बाई म्हणाल्या, "उद्या आईंना घेऊन ये. सगळ्यांना शिकवू देत."

अम्मा आली. त्या दिवशी तिच्या निम्म्या विड्या बुडाल्या. वर्गाच्या दाराबाहेर तिने चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. बाईंनी स्वतःची खुर्ची पुढे केली, "बसा ना." पण तिला मांडी घालून बसल्याशिवाय हात चालवता येत नव्हता. मग बाईंनीच खुर्ची भिंतीला लावली आणि आम्हा चाळीस मुलींबरोबर फरशीवर बसल्या. अम्माचं मराठी तोडकं होतं. "असं धर, असं ओढ, सोडू नको," एवढ्या तीन वाक्यांवर तिने अख्खा तास घेतला. माझ्या आईला कुणी शिकवायला बोलावलंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

बाईंनीही एक गुलाब केला. पाकळ्या एका बाजूला कलल्या होत्या, गाठ सैल बसली होती. आमच्या गाठी अम्मा सोडवून पुन्हा बांधायला लावत होती. बाईंचं फूल मात्र तिने तसंच मागून घेतलं.

ते फूल अम्मा होती तोवर तिच्या ट्रंकेत, धुवट पातळाच्या घडीत होतं. आता ते माझ्याकडे आहे. बाहेरच्या पाकळ्या विटून फिक्या गुलाबी झाल्यात, आतल्या तीन अजून लाल आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ते मी शाळेकडे सोपवत आहे. मांडणाऱ्यांना एवढीच विनंती, खिडकीच्या उन्हात ठेवू नये, ओला हात लावू नये, आणि सैल वाटली तरी बाईंची गाठ आवळू नये.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी 1991