माळावरची उडी

फेब्रुवारीत मला ती उडी सापडली. बोपदेव घाट चढून गेलं की कानिफनाथाच्या डोंगराच्या आसपास पुरंदर तालुक्यात उतरणाऱ्या कितीतरी वाटा आहेत. काही बैलगाडीच्या, काही मेंढरांच्या, काही नुसत्या गवत कापायला जाणाऱ्यांच्या. अशाच एका उतरत्या माळावर, उताराला आडवे, हातभर उंचीचे मातीचे उंचवटे एकामागून एक होते. सायकल मोकळी सोडायची, पहिल्या उंचवट्यावर हँडल किंचित वर ओढायचं, की दोन्ही चाकं जमीन सोडायची. जेमतेम अर्धा सेकंद. पण आठवडाभर ऑफिसात खुर्चीला चिकटलेल्या माणसाला तो अर्धा सेकंद पुढच्या रविवारपर्यंत पुरतो. मी पुढचे सगळे रविवार तिथेच गेलो.

पहाटे पाचला कोंढव्यातून निघायचं. येवलेवाडीच्या पुढे ट्रक सुरू झाले की तो रस्ता सायकलवाल्याचा राहत नाही, आणि त्या धुळीत घाट चढण्याइतकं कंटाळवाणं काम नाही. माथ्यावर मात्र थंडीत पुरंदर आणि वज्रगड शेजारी शेजारी असे स्वच्छ दिसतात की सगळं विसरायला होतं. मार्चनंतर माळ भाजून निघतो. मुरूम सुटा होतो, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक पायाखालून जातं. बाभळीच्या काट्यांनी एका सकाळी तीन पंक्चर काढायला लावली. मे महिना असाच गेला.

उडीचा तो टप्पा मी सायकलवाल्यांच्या ॲपवर नाव देऊन टाकला होता. व्हिडिओही टाकला. एप्रिलपर्यंत तिथे माझ्याखेरीज इतरांच्या टायरच्या खुणा दिसू लागल्या, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा.

जुलैत एकदा सलग पाच दिवस पाऊस लागला. पुरंदरला असा पाऊस रोजचा नाही. सह्याद्रीच्या धारेवर ढग बरेचसे रिकामे होऊन येतात, सिंहगडाकडे धो धो कोसळत असतं तेव्हा इकडे भुरभुर असते. म्हणून ओला हिरवा माळ बघायचा मोह आवरला नाही. मुरमाच्या उतारावर सायकल बरी चालली. खाली शेतांच्या कडेला काळी माती लागली आणि सगळं थांबलं. ती माती ओली झाली की फुगते, चिकटते. चाक आणि फोर्कच्या मध्ये तिचा असा गच्च गिलावा बसला की चाक फिरेना. काठीने उकरलं, चार पावलांवर पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली.

तेवढ्यात हाक आली. खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेतलेल्या एक मावशी बांधावर उभ्या होत्या.

"कुठनं आलाय?"

"कोंढव्याहून."

"सायकल ठेवा हितंच. वर या जरा माझ्यासंगं."

त्या स्लिपर घालून सरळ चढत गेल्या. मी महागडे बूट घालून घसरत मागे. त्या नेमक्या माझ्या उडीपाशी थांबल्या. उंचवट्याला दोन वितींची खाच पडली होती आणि वरच्या बाजूच्या चरातलं सगळं पाणी तेवढ्याच खाचेतून तांबडं होऊन बाहेर पडत होतं. खालचा दुसरा बांध त्या लोंढ्याने फोडला होता, त्याच्या खालचा तिसराही. तिसऱ्याच्या पुढे गुडघाभर खोल ओघळ, आणि ओघळीच्या तोंडाशी त्यांचं शेत. कोपऱ्यातल्या वाटाण्याच्या पाच-सहा ओळींवर मुरूम पसरला होता. खाली उतरल्यावर मावशींनी वाकून बोटांनी मुरूम बाजूला केला. खाली एक रोप होतं, पांढरं पडलेलं, पानं मिटलेली. त्यांनी ते उपटलं नाही. भोवतीचे खडे वेचून त्याला मोकळं केलं आणि पुढच्या रोपाकडे सरकल्या.

"ह्यो चर आमी खांदलाय," त्या म्हणाल्या. "दोन उन्हाळे. समदं गाव. माझ्या सुनंचं लेकरू त्या लिंबाखाली झोळीत असायचं."

ते सलग समतल चर होते. गावोगावच्या श्रमदानाचे फोटो मी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं बघत आलोय. पाण्याच्या नळीने एकसारखी पातळी काढायची, त्या रेषेवर दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल चर खणायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी लावायची. डोंगरावरून धावत येणारं पाणी चरात थांबतं, जमिनीत मुरतं, खालच्या विहिरींना लागतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी पाच महिने त्याच बांधावरून उड्या मारताना मला त्यात फक्त उंचवटा दिसला.

मावशी रागावल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. "तुमचं चाक रोज एकाच जागी पडतं. तिथं माती दबती, गवत येत न्हाई. पानी आंधळं नसतं, ते बरोबर तेवढीच जागा धरतं." एवढं बोलून त्यांनी घरी नेलं आणि कोरा चहा दिला. चहा पिताना मला मान वर करता आली नाही.

श्रावणात पावसाने उघडीप दिली तेव्हा दोन मित्रांना घेऊन गेलो. मला वाटलं होतं, चार घमेली माती ओतली की झालं. मावशींच्या मालकांनी पहिलं घमेलंच थांबवलं. आधी खाच आणखी रुंद करायला लावली, पक्की माती लागेपर्यंत. मग तळाला दगड, त्यावर वीतभर माती, ती धुम्मसने ठोकायची, मग पुढचा थर. वरून गवताचे ठोंब मुळांसकट लावायचे. एका खाचेला अख्खी सकाळ गेली. ओघळीत अनगड दगडी बांध घातले, म्हणजे सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मोठे दगड तळाला, आणि मधला भाग कडांपेक्षा बुटका, नाहीतर पाणी मधून जायचं सोडून कडेची माती खातं. दुसऱ्या एका ओघळीतले बांध दिवाळीनंतर घातले. तेव्हा गवत वाळलं होतं, मोजे कुसळांनी भरले होते आणि कोकणाकडे निघालेल्या एका धनगराची मेंढरं मावशींच्याच रानात बसली होती.

ॲपवरचा टप्पा आणि व्हिडिओ मी जुलैतच काढून टाकले. पण वाट एकदा लोकांच्या पायाखाली आली की ती परत घेता येत नाही. डिसेंबरात बांधावर पुन्हा ताज्या खुणा होत्या. एका रविवारी मी तिथे थांबून राहिलो. दोन पोरं आली, पंचविशीतली, माझ्यापेक्षा चांगल्या सायकली. त्यांना चर दाखवला, ओघळ दाखवली. एकाने हेल्मेट काढून नीट ऐकून घेतलं. दुसरा म्हणाला, "माळ सगळ्यांचा आहे, काका." मला त्याचा फार राग आला. अजून आहे. शिवाय आदल्या फेब्रुवारीत मला कुणी अडवलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो, हेही मला माहीत आहे. आम्ही सायकलवाले पुण्यातून बाहेर पडलो की समोर दिसेल ते मोकळं रान समजतो. ज्या वाटेवर आपण घाम गाळतो तिथे आपल्याआधी कुणी घाम गाळला असेल, हे मनात येत नाही.

आता त्या बाजूला गेलो तर बैलगाडीच्या वाटेने जातो, ती चरांना वळसा घालून जाते. पाऊस पडून गेला की तीन-चार दिवस सायकल घरीच असते. काळी माती लागली की उतरून बांधावरून चालायचं. उड्या मी सोडल्या नाहीत, पण त्यासाठी आता उघड्या कातळाच्या पायऱ्या शोधतो. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. विचारू नका.

या जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्याने गेलो, सायकल मावशींच्या ओट्याला लावली आणि आम्ही दोघं वर चढलो. चर काठोकाठ भरला होता. आम्ही बुजवलेल्या जागेवर गवत धरलं होतं, आजूबाजूपेक्षा जरा पोपटी. एका टोकाला बांधाच्या पोटातून पाणी झिरपत होतं. मावशींनी टाचेने तिथली माती दाबली, मला दगड आणायला सांगितला, तो बसवला, वर गवताचा एक ठोंब रोवला आणि हात चरातल्या पाण्यात धुतले.

"यंदा तो कोपराबी पेरायचाय," त्या म्हणाल्या, आणि खाली निघाल्या.