‘ही आमची हद्द नाही’: मुलीसाठी सायबर तक्रार नोंदवताना आलेला अनुभव

माझी मुलगी नववीत आहे. कुणीतरी तिच्या नावाने खोटं प्रोफाइल काढलं, तिचा चेहरा चिकटवून बनवलेला घाणेरडा फोटो तिलाच पाठवला आणि “अजून फोटो दे, नाहीतर हा क्लासच्या ग्रुपवर टाकतो” अशी धमकी दिली. तिने घरी आल्या आल्या मला सगळं सांगितलं. या प्रकरणात सगळ्यात मोठं धाडस तिचं आहे, म्हणून ते आधी लिहिते.

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरची तक्रार त्याच रात्री झाली. महिला आणि मुलांच्या तक्रारींचा तिथे वेगळा विभाग आहे. नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. नाव द्या.

अडलं ते पोलीस ठाण्यात. आम्ही नाशिकजवळ ओझरला राहतो, क्लास नाशिक शहरात कॉलेज रोडला. धमकी आली तेव्हा मुलगी क्लासमध्ये होती, म्हणून शहरातल्या एका ठाण्यात गेलो. शहराचं आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचे अधीक्षक वेगळे. पत्ता ऐकताच ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवलं.

“ओझर? ताई, ही आमची हद्द नाही. ग्रामीणला जा.”

“पण मेसेज इथे आलाय.”

“साहेब बंदोबस्तावरून आले की बघू. आणि मुलीला घेऊन या, तिच्याच तोंडून ऐकावं लागेल.”

बाकावर बसून राहिले. साहेब आले, त्यांनीही हद्दच सांगितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रडून रडून डोळे सुजलेल्या पोरीला मी त्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बसवणार नव्हते. माझा संताप अजून उतरलेला नाही.

माझी नणंद वकिली करते. तिने फोनवर कलमं सांगितली आणि मी ती अर्जात लिहिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद घ्यावी लागते, नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पॉक्सो कायदा, 2012, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याचं कलम 24: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि अंगावर गणवेश नको. कलम 21: अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ज दोन प्रतींत नेला आणि एकीवर पोच मागितली. “पोच कशाला?” म्हणाले. मी टेबलासमोरून हलले नाही. थोड्या वेळाने आतून बोलावणं आलं, आणि फिर्याद लिहायला घेतली.

तरीही घेतली नसती, तर तोच मजकूर टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

जबाबाला साध्या कपड्यांतल्या मॅडम घरी आल्या, मुलीच्या खोलीत तिच्या शेजारी बसल्या. मी तिथेच होते. मुलगी न अडखळता बोलली.

पोर्टलचं एक सांगायचं राहिलं: घटनेचं वर्णन किमान 200 अक्षरांचं लागतं आणि त्यात ॲट, हॅश अशी चिन्हं चालत नाहीत. आधी वहीत लिहून घ्या. प्रोफाइलचं नुसतं नाव पुरत नाही, हे लोक नाव बदलतात. पूर्ण लिंक कॉपी करा, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. चॅट पुसू नका. तो फोटो मात्र मामा-काकांना “बघा काय केलंय” म्हणून पाठवू नका. मुलांचे असे फोटो पसरवणं हाच गुन्हा आहे. फोन थेट पोलिसांना दाखवा.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, 18 वर्षांखालच्यांच्या फोटोंसाठी. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याची डिजिटल खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी ॲप तो शोधून काढतात. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर चाइल्डलाइनचा 1098 चालू असतो. माझ्या मुलीने स्वतः फोन केला होता.

प्रोफाइल आता बंद झालंय, तपास चालू आहे. आणि हो, एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.