आई म्हणाली, हा रात्री घोरतो

संक्रांतीनंतरचे दोनतीन दिवस नाशकातल्या कुठल्याही प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा, नायलॉन मांजाने कापलेली कबुतरं, घारी, एखादं घुबड हेच चालू असतं, बंदी असली तरी. त्या दिवशी माझ्या इंदिरानगरच्या क्लिनिकमध्ये सकाळपासून पंखांना टाके घालणंच सुरू होतं, तेवढ्यात आमचा मदतनीस आत आला नि म्हणाला, मॅडम, एक जण क्रेटमध्ये घोणस घेऊन आलाय. बाहेर बघते तर वेटिंगमधली सगळी मंडळी आपापली कुत्री-मांजरं काखोटीला मारून पार्किंगमध्ये जाऊन उभी.

घोणस नव्हती. पण आमच्या पोराला नावं ठेवणार नाही, आखूड, जाडजूड, अंगावर ठळक नक्षी, पटकन तसंच वाटतं. आपल्याकडे याच्या उलट जास्त होतं, घोणशीला अजगराचं पिल्लू समजून लोक हात घालतात आणि थेट आयसीयूत जातात. हा ब्लड पायथन, म्हणजे एक परदेशी अजगर होता, म्हणजे होती, मादी. विटकरी लाल रंग, त्यावर पिवळट डाग, लांबी जेमतेम साडेचार फूट आणि वजन साडेपाच किलो! बैठकीतला लोड उचलल्यासारखं वाटलं.

आणणारा मुलगा अंबडच्या एका कंपनीत कामाला, राहायला पाथर्डी फाट्याला, आणि सोबत त्याची आई. स्कूटरवर मागे बसून क्रेट मांडीवर धरून ती माउली आलेली, क्रेटला वरून जुनी शाल गुंडाळलेली.

मी आधी कागद विचारला. विचारावाच लागतो, कारण आपला देशी अजगर तर घरात ठेवताच येत नाही, तो वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि असे परदेशी साप त्याच कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून शेड्यूल चारमध्ये येतात, म्हणजे ठेवायचे तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी पाहिजे, आणि हस्तांतर, पिल्लं, मृत्यू सगळं कळवावं लागतं. याच्याकडे नोंदणी होती पण आधीच्या मालकाच्या नावावर, मित्राकडून घेतलेला, नाव बदलायचं राहिलेलं. म्हणलं ते नंतर बघू, जनावर आजारी दिसतंय, आधी टेबलावर घे.

काय होतंय विचारलं तर तो म्हणतो, मॅडम तसं काही नाही, जेवत नाहीये फक्त, बाकी एकदम शांत झालीये, आधी हात लावला की फुस्स करायची आता काहीच करत नाही, माणसाळली.

आणि आई मागून म्हणाली, डॉक्टर, हा रात्री घोरतो. (मुलगा "ती" म्हणतो, आई "हा", त्या घरात यावर एकमत नाहीये.) मुलगा हसला, आई काहीही बोलते म्हणे.

साप घोरत नाही हो. मी तोंड उघडून बघितलं तर श्वासनळीच्या तोंडाशी चिकट शेंबूड, नाकपुडीशी बुडबुडे, आणि स्टेथोस्कोप लावायचीही गरज नाही इतकी घरघर. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे नीट खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, तो आत साठत जातो. मान सारखी वर करून बसायची असं पण आई म्हणाली, ते श्वास घेण्यासाठी.

आता हे झालं कसं, तर जागा चुकली. हे जनावर मलायाच्या द्वीपकल्पातलं आणि पूर्व सुमात्रातलं, दलदलीच्या कडेला, ओल्या पाचोळ्यात पडून राहणारं, तेलताडाच्या मळ्यातसुद्धा मिळतं कारण तिथे उंदीर भरपूर. हवेत 60 ते 80 टक्के दमटपणा लागतो त्याला. आणि आपलं नाशिक जानेवारीत कसं असतं, निफाडचा पारा पेपरात रोज पहिल्या पानावर, ओठ फुटतात, टाचा फुटतात. त्यात या पोराने प्रेमापोटी खोलीत हीटर लावलेला दिवसरात्र, म्हणजे होता नव्हता तो ओलावाही गेला. मोबाईलमध्ये टाकीचा फोटो होता, दमटपणा मोजायच्या मीटरवर, हायग्रोमीटरवर, 27 टक्के. मीटर विकत आणलंय, टाकीत लावलंय, पण त्याच्याकडे बघायचं कोणी? कातही तुकड्या-तुकड्याने निघालेली, एका डोळ्यावरची जुनी टोपी, म्हणजे कातीबरोबर निघायला हवा तो पारदर्शक पापुद्रा, तशीच.

खोटं कशाला बोलू, हातात घेतल्यावर मलाही तो प्राणी आवडला. रंग तर आहेच, शिवाय मोठ्या अजगरांसारखा दहाबारा फुटी होत नाही, मोठी मादीसुद्धा साधारण सहा फुटांच्या आत. चावरा म्हणून नाव खराब झालं ते जंगलातून पकडून आणलेल्यांमुळे, माणसांनी वाढवलेले बरेच निवांत असतात, पिल्लं तेवढी चिडकी. दिवसच्या दिवस एका जागी बसून राहतो, फ्लॅटमधल्या माणसाला अजून काय पाहिजे. पण ग्यानबाची मेख तिथेच आहे, जो मुळातच हलत नाही तो आजारी पडला हे कळणार कधी? कुत्रं एक वेळ जेवलं नाही तर लोक मला रात्री अकराला फोन करतात. इथे महिनाभर आजार वाढत होता आणि घरात कौतुक चाललेलं, किती शांत झाली म्हणून. तिचं ते फुस्स करणं बंद झालं हीच पहिली खूण होती.

शिवाय आईच्या वेगळ्या तक्रारी. दीड दीड महिना शी करत नाही आणि मग एकदम घमेलंभर, घरात अगरबत्त्या लावून बसावं लागतं. मी सांगितलं की तेवढं नॉर्मल आहे याच्यात, आईला काही हे उत्तर आवडलं नाही.

कुठले जंतू आहेत ते तपासायला, कल्चरला, स्वॅब घेतला, सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक सुरू केलं, ते दर 72 तासांनी एकदा द्यायचं आणि शरीराच्या पुढच्या भागातच टोचायचं, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडून फिरून जाऊ शकतं, औषध अंगभर पोचायच्या आधीच. हीटर बंद, टाकीच्या एका बाजूला थर्मोस्टॅटवर उब, जाळीचं झाकण बरंचसं झाकून घ्यायचं, खाली कोकोपीट ओलसर, पण चिखल नाही, नाहीतर पोटाच्या खवल्यांना फोड येतात. आणि उंदीर पुढ्यात टाकायचा नाही इतक्यात.

तिसऱ्या इंजेक्शनला आले तेव्हा टेबलावर ठेवताक्षणी तिने असा काही फुत्कार टाकला की मदतनीस दाराबाहेर. मुलगा ओशाळला, मी मात्र खूश. आई म्हणाली, घोरणं थांबलं बघा, आता मलाच झोप येत नाही.

बिल देता देता त्याने हळूच विचारलं, मॅडम, एकटी कंटाळत असेल ना, जोडीला एक नर घेऊ का? मी म्हणलं, अरे हे साप एकटेच राहतात, आणि आधी ही तर नावावर कर.

आई म्हणाली, माझ्या नावावर करा, खोली मीच झाडते.